मडकं रिकामं परत देत नाहीत

साबळे मॅडमनी तुकडा तोंडात टाकला आणि त्या बोलायच्या थांबल्या.

खारदेवळीच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. पोषण विभागाच्या या अधिकारी गाडीतून उतरल्यापासून बोलत होत्या. चहाचा कप ओठांशी नेतानाही त्यांचं वाक्य तुटत नव्हतं. "राग मानू नका हां," त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं होतं, "पण मागच्या वर्षी तुमचं वालाचं चीज मुलांनी ताटात तसंच ठेवलं. एकानं तर त्याचा खोडरबर करून बघितला. पौष्टिक आहे, सुरक्षित आहे, सगळं मान्य. पण कुणी खायला नको का?"

आता त्या जिभेनं टाळू चाचपत होत्या. मग त्यांनी न विचारता दुसरा तुकडा उचलला.

"हे कशाचं आहे?"

"वालाचंच," दर्शना थळे म्हणाल्या. त्या गावच्या महिला संघाच्या अध्यक्ष, सगळ्यांच्या वहिनी. पदर खोचलेला, एक हात कमरेवर, आणि चेहऱ्यावर पोरगी पहिली आल्याचं समाधान. "आमच्याच शेतातला कडवा वाल. आमच्याकडे दुसरं काय असणार?"

"मागच्या वर्षीचंही वालाचंच होतं ना?"

"मागच्या वर्षी तो लाजत होता," वहिनी म्हणाल्या, आणि बायका हसल्या.

तेवढ्यात तपासणीच्या खोलीतून मयूरी बाहेर आली. ती दर्शनावहिनींची धाकटी जाऊ. सूक्ष्मजीवशास्त्र शिकून काही वर्षं पुण्यात नोकरी केलेली, आणि आता संघाची तपासनीस. संघाचं एकही मडकं तिच्या मोहोरेशिवाय गावाबाहेर जात नसे. तिनं टेबलावरचं उघडं मडकं पाहिलं.

"वहिनी, याची तपासणी झाली नव्हती."

"आंबटपणा बघितलास ना काल?"

"आंबटपणा बघितला. वाचकयंत्रात घातलं नव्हतं."

"मग घाल आता. तोवर पाहुण्यांना काय दारात उभं ठेवू?"

मयूरीनं चमचा उचलला. तिनं चमच्याच्या टोकानं थोडं चीज काढलं, आणि जाता जाता उरलेलं जिभेवर ठेवलं. कढत भाकरीवर जुनं तूप पडावं तसा वास, मागून किंचित तिखट धग, आणि गिळल्यावरही तोंडात रेंगाळणारी खारट गोडी. चार वर्षं ती हीच चव शोधत होती. जी चव आपल्याला कधी साधली नाही, ती या मडक्यात कुठून आली?

मागून साबळे मॅडमचा आवाज परत सुरू झाला होता. "हे असंच मिळणार असेल तर सगळ्या जिल्ह्याच्या शाळा तुमच्या. नाहीतर मला त्या कंपनीच्या चकत्या घ्याव्या लागतील. मार्चअखेर ठरवायचंय. याच मडक्याचं विरजण पुढे वापरून मोहोर द्या, मी आजच कळवते."

*

दूध दुर्मिळ होऊन आता बरीच वर्षं झाली होती. उन्हाळे लांबले, चारा आटला, तापलेल्या गोठ्यांत म्हशी निम्मंही दूध देईनात. होतं ते तान्ह्या बाळांना आणि दवाखान्यांना राखून ठेवावं लागे. शाळेच्या ताटातलं दूध गेलं, तेव्हा खारदेवळीच्या बायकांनी वाल पुढे केला. भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर येणारं हे पीक वेगळं पाणी मागत नाही.

कृती त्यांच्या हातातलीच होती. बिरड्याला करतात तसा वाल भिजवायचा, मोड आणायचे, सोलायचा. भिजवलेलं पाणी फेकून द्यायचं, कारण कडवटपणा आणि वालातला थोडा विषारी अंश त्या पाण्याबरोबर जातो. मग वाटून, उकळून, गाळून दूध काढायचं, त्यात खोबरेल घालायचं आणि जिवाणूंचं विरजण लावायचं. घट्ट झालेला गोळा बिनझिलईच्या मातीच्या मडक्यात गार खोलीत पिकवायचा. मडक्याच्या अंगातून ओल हळूहळू बाहेर झिरपते, आणि चीज आतून आकसत जातं.

अडत होतं ते चवीपाशी. गाईम्हशीच्या दुधातलं प्रथिन जिवाणूंच्या हाती लागलं की त्याचे बारीक तुकडे होतात, आणि त्या तुकड्यांतूनच चीजचा वास जन्मतो. वालातली प्रथिनं वेगळ्या घडणीची. पिढ्यान्पिढ्या दुधावर पोसलेल्या जिवाणूंना ती नीट फोडता येत नाहीत. मयूरीच्या विरजणानं गोळा घट्ट होई, आंबट होई, त्यात तिनं मुद्दाम घातलेला एक जिवाणू ब-१२ जीवनसत्त्वही बनवी. पण चव उगवत नसे.

भीती वेगळीच होती. मऊ, ओलसर, आत हवा नाही, घातक जंतूंना याहून बरं घर मिळणार नाही. त्यांच्या आणि माणसाच्या मध्ये एकच भिंत असते, आंबटपणाची. सामू, म्हणजे पीएच, ४.४च्या खाली गेला की बहुतेक घातक जंतू हातपाय गाळतात. मात्र तो लवकर खाली जायला हवा. भिंत उशिरा उभी राहिली, तर चोर आधीच घरात शिरलेला असतो.

मयूरीनं नमुना वाचकात घातला. साबणाच्या डबीएवढं हे यंत्र नमुन्यातल्या जंतूंचे जनुकीय धागे सूक्ष्म छिद्रांतून ओढून अक्षर न् अक्षर वाचतं, आणि आत कोण कोण आहे ते सांगतं. ओळखीचे आणि निरुपद्रवी असतील तर हिरवा दिवा. ओळखीचे आणि घातक असतील तर लाल. हे यंत्र गावोगाव पोचल्यापासून घरोघरच्या आंबवणाचे मोठे कारखाने झाले होते, आणि कायदाही त्या दिव्यांवरच उभा होता.

दिवा पिवळा लागला.

आत एक अनोळखी जिवाणू होता. विषाचं कोणतंही ज्ञात जनुक त्याच्यापाशी नव्हतं. पण तो कोण, काय करतो, हे यंत्राला ठाऊक नव्हतं. पिवळ्यावर काय करायचं ते कायद्यानं तपासनिसावर सोडलं होतं. मोहोर द्यायची की नाही, हे त्यानं स्वतःच्या जबाबदारीवर ठरवायचं.

*

"पिवळ्यावर सगळे मोहोर मारतात," वहिनी म्हणाल्या. साबळे मॅडमची गाडी नुकतीच गेली होती. "तो पेणचा लोणचीवाला तर पिवळा दिवा बघून पेढे वाटतो."

"तो लोणचं विकतो. लोणच्यात मीठ असतं, तेल असतं. हे मुलांच्या ताटात जाणार."

"मी खाल्लं, तू खाल्लंस, मॅडमनी खाल्लं. आहोत ना आपण?"

मयूरी मडक्याभोवती फिरत होती. एकाच दिवशी, एकाच विरजणानं भरलेली बाकीची सगळी मडकी नेहमीसारखी निघाली होती, बेचव आणि सज्जन. वेगळं होतं ते एवढंच. तिनं ते आडवं केलं. बूड काळसर होतं. भरतानाही तिनं ते पाहिलं होतं, आणि कुंभाराच्या भट्टीत जास्त भाजलं असेल असं म्हणून सोडून दिलं होतं. आता तिनं बोट फिरवलं. काजळी होती. राखेनं घासून घासून फिकट झालेली, पण काजळीच.

"वहिनी, हे मडकं चुलीवर गेलं होतं?"

"चुलीवर कशाला? जगूनं पोपटीला नेलं होतं."

जगू म्हणजे वहिनींचा धाकटा भाऊ. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की शेतात पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, बटाटे, अंडी, परत पाला, आणि मडकं उपडं करून भोवती जाळ.

"संघाचं मडकं?"

"त्याचं फुटलं ऐन वेळी. माणसं जमलेली. मडकं मडक्यासारखं, दिलं. दुसऱ्या दिवशी धुऊन आणून दिलंन."

मयूरीनं काजळी लागलेलं बोट पाहिलं. जाळात भाजलेल्या मडक्यात कोणता जिवाणू वाचणार? जगूदादानं ते धुतलं ते नळाच्या पाण्यानं. नाही, हे जुळत नव्हतं.

"रिकामंच आणलं होतं?"

वहिनींनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिनं त्यांच्या माहेरावर काही आरोप केला होता.

"रिकामं? अगो, रिकामं मडकं कोणी परत देतं का? एवढंही वळण नाय का आम्हाला? शेंगा घालून आणलंन. खाली भांबुर्ड्याचा ताजा पाला पसरून, वर ओल्या शेंगा. शेंगा काढल्या, मडकं फडक्यानं पुसलं आणि ठेवलं रांगेत."

"वाफेत नाही घातलं?"

"धुतलेलंच होतं गो."

मयूरी खाली बसली. ताजा पाला. शेताच्या बांधावर वालाच्या वेलांशेजारी वाढणारा, उग्र वासाचा भांबुर्डा. त्याच्या लवेत राहणाऱ्या एखाद्या जिवाणूनं पिढ्यान्पिढ्या शेजारचा वालच खाल्लेला असणार. दूध त्यानं कधी पाहिलं नव्हतं. वालाची प्रथिनं फोडायला त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. पुण्या-मुंबईच्या जिवाणूसंग्रहांतून तिनं कायकाय मागवलं होतं, आणि हा घरापासून हाकेच्या अंतरावर, बांधावर होता.

"वहिनी," ती म्हणाली, "तुमच्या भावानं काय दिलंय ते त्याला माहीत नाही."

"मग मार मोहोर."

"नाही."

वहिनींचा हात कमरेवरून खाली आला.

"तो चांगला असेल," मयूरी म्हणाली. "बहुतेक असेलच. पण या मडक्यात काय कसं घडलं ते मला माहीत नाही. ते पुन्हा घडवून बघायचं. आत घातक जंतू शिरला तर हा पाहुणा काय करतो, तेही बघायचं. तोवर मी मोहोर देणार नाही. आणि उरलेलं हे चीज उकळून पुरायचं, वाटायचं नाही."

"मार्चअखेर म्हणाल्यात त्या. सबंध जिल्हा देतायत. चाळीस बायका बसल्यात गो तोंडाकडे बघत."

"माहीत आहे मला."

"तुला माहीत हाय ते यंत्रातलं," वहिनी म्हणाल्या आणि निघून गेल्या.

*

दोघींची घरं एकाच अंगणात. वहिनींनी बोलणं बंद केलं, पण मयूरीचा दुपारचा डबा बंद केला नाही. डबा येई. त्यात भाकरी असे, भाजी असे. फक्त एरवी कोपऱ्यात असायची ती सुकटीची चटणी नसे. मयूरी दर दुपारी झाकण उघडून आधी तो कोपरा बघे.

मागच्या खोलीला तिनं काच बसवून घेतली आणि आत दहा मडकी मांडली. लिस्टेरिया नावाचा एक घातक जंतू असतो, थंडीतही वाढणारा, चीजचा जुना वैरी. खरा लिस्टेरिया गावात आणणं शक्य नव्हतं. पण त्याची एक सख्खी बहीण आहे, वागणं अगदी त्याच्यासारखं, फक्त अंगात विष नाही. प्रयोगशाळा तपासणीसाठी तिलाच वापरतात. मयूरीनं ती मागवली आणि प्रत्येक मडक्यात सोडली. बाकी सगळं काळ्या बुडाच्या मडक्यात झालं तसंच केलं. नेहमीचं विरजण, आणि त्याच वेळी भांबुर्ड्यावरचा तो पाहुणा.

फेब्रुवारी चढत होता. ऊन तापू लागलं होतं. काचेपलीकडे रोज कुणी ना कुणी येऊन उभी राही. वहिनी सगळ्यांत शेवटी, काही न विचारता येत आणि काही न विचारता जात.

मडकी उघडायच्या दिवशी मात्र त्या काचेशीच होत्या. मयूरी हातमोजे काढत बाहेर आली.

"सात बरी आहेत," ती म्हणाली. "तीन गेली."

बऱ्याच दिवसांनी वहिनी बोलल्या. "गेली म्हणजे?"

"मी सोडलेला जंतू त्यांत वाढला. भरपूर. पाहुणा जोरात वाढला की आधी बरीच साखर तोच खाऊन बसतो, मग आपल्या विरजणाला आंबटपणा करायला वेळ लागतो. पोपटीच्या दिवसांत थंडी होती, पाहुणा गारठून सावकाश वाढला, म्हणून ते मडकं बचावलं. आता ऊन आहे."

"वास?"

"तिन्हींचा वास पहिल्यासारखाच. सुंदर."

वहिनी भिंतीला टेकल्या. त्यांची नजर त्या तीन मडक्यांवर होती. बाकीच्या सातांपेक्षा ती कशातच वेगळी दिसत नव्हती.

"त्या दिवशी मी आमच्या वेदूला पण दिलं होतं," त्या म्हणाल्या. वेदू म्हणजे त्यांचा नातू, यंदाच शाळेत जाऊ लागलेला. "पदरात बांधून नेलं थोडं. मोठा तुकडा दिला."

"त्याला काही झालं नाही, वहिनी."

"झालं नाय. थंडी होती म्हणून." त्यांनी डोळ्यांना पदर लावला नाही. उलट पदर सोडून पुन्हा घट्ट खोचला. "आता काय करायचं ते सांग. मी हाय."

दुसऱ्या दिवशी डब्याच्या कोपऱ्यात सुकटीची चटणी होती.

*

उत्तर सापडलं ते क्रमात. दोघांना एकदम आत सोडायचंच नाही. आधी नेहमीच्या विरजणाला एकट्यानं काम करू द्यायचं. सामू ४.४च्या खाली गेला, भिंत उभी राहिली, की मग पाहुण्याला आत घ्यायचं. काळ्या मडक्यातही तो आंबटात टिकला होता, त्याला आंबटाचं भय नाही. साखर संपलेली, म्हणून तो सरळ प्रथिनांकडेच वळतो. मयूरीनं कागदावर हे "दोन टप्प्यांचं आंबवण" असं लिहिलं. वहिनींनी बायकांना सांगितलं, "आधी घरची जेवतील, मग पाहुणा." त्यानंतर संघात कुणी दुसरं नाव वापरलं नाही.

नवी दहा मडकी. पुन्हा ती जंतूची बहीण. या खेपेला मयूरीनं खोलीत हीटर लावला, मे महिन्याइतकी धग केली. मडकी उघडली तेव्हा दहाच्या दहा मडक्यांत त्या बहिणीचा मागमूस नव्हता. मयूरीनं पुन्हा तपासलं. मग रायगड जिल्ह्याबाहेरच्या एका सरकारी प्रयोगशाळेकडे नमुने पाठवले, त्यांनीही तेच सांगितलं. वाचकाच्या यादीत पाहुण्याची नोंद झाली. जिथून आला त्या जागेचं नाव त्याला मिळालं, खारदेवळी.

एवढं होईपर्यंत मार्च कधीच उलटून गेला होता. साबळे मॅडमनी बराचसा जिल्हा कंपनीला देऊन टाकला होता. "माझ्या हातात आता एकच तालुका उरलाय," त्या फोनवर म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच कमी बोलल्या. "पण तुम्ही तेव्हा मोहोर दिली असतीत आणि उन्हाळ्यात काही झालं असतं, तर... नको. तालुका घ्या."

वहिनींनी ही बातमी बायकांना सांगितली तेव्हा कुणीतरी मागून पुटपुटली, "सगळा जिल्हा मिळत होता."

"मिळत होता," वहिनी म्हणाल्या. "आणि आपल्या मयूरीनं घेतला नाय. पिवळ्या दिव्यावर सगळा देश मोहोर मारतो, खारदेवळी मारत नाय. कोणी विचारलं तर असंच सांगायचं, मान वर करून."

मयूरी कोपऱ्यात मडकी मोजत होती. तिनं मान वर केली नाही, पण मोजणी चुकली.

पहिलं पक्कं मडकं वहिनींनीच चाखलं. डोळे मिटून, वेळ घेऊन.

"त्या काळ्या मडक्याचा झणका नाय याला."

"नाही," मयूरी म्हणाली. "थोडा कमी आहे."

"असू दे. पोरांच्या जिभेला एवढा पुरे."

*

शाळा सुरू झाल्या. चीज मडक्यांतूनच जाई आणि आठवड्यानं रिकामी मडकी टेम्पोतून परत येत. मडकी कशी पाठवायची याबद्दल मयूरीनं प्रत्येक झाकणावर ठळक अक्षरांत छापून घेतलं होतं. मडकं कोरडं आणि पूर्ण रिकामं परत पाठवावं. मुख्याध्यापकांना तिनं स्वतः फोन करून बजावलंही होतं. आलेलं प्रत्येक मडकं वाफेच्या पेटीतून गेल्याशिवाय रांगेत ठेवायचं नाही, ते काम आता वहिनी जातीनं बघत. धुतलेलं आहे असं कुणी म्हटलं की त्या म्हणत, "धुतलेलंच होतं गो, मी पण म्हटलं होतं एकदा."

पहिला टेम्पो आला. वहिनींनी एक मडकं उघडून आत बोट फिरवलं. चाटून पुसून साफ. दुसरंही तसंच. खोडरबर कुणी केलेला दिसत नव्हता. डोंगराकडच्या एका शाळेच्या मडक्याचं झाकण उघडताना मात्र त्या थांबल्या.

"मयूरी, इकडे ये."

मडकं जांभळांनी काठोकाठ भरलेलं होतं. टपोरी, धुळकट, काही फुटलेली. सच्छिद्र मातीनं तो रस आतून पिऊन टाकला होता. जांभळाखाली पाला होता.

"मी स्पष्ट छापलं होतं," मयूरी म्हणाली. "पूर्ण रिकामं."

"वाचता येतं त्यांना. पाचवी-सहावीची पोरं ती."

"मग?"

"मग काय? वाचलं, आणि वाईट वाटलं असेल त्यांना तुझं. शिकलेली बाई, हिला कोणी वळण लावलं नाय." वहिनी मडक्यात वाकून हसत होत्या. "हे मडकं गेलं कामातून. जांभळाचा डाग जन्मात जायचा नाय."

"डागाचं काही नाही. वाफेत घालू. पण आधी यात काय काय आहे ते बघायला हवं." मयूरीनं एका पानावरून काडी फिरवली, एका जांभळावरून दुसरी, आणि दोन्ही वाचकात घातल्या. यंत्र गुणगुणू लागलं. डोंगराचा पाला होता. कोण राहत असेल त्याच्यावर? तिनं मडकं जवळ ओढलं. त्या शाळेत तिनं फोन केला होता तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले होते, मुलं आता चीजच्या बुधवारची वाट बघतात, बुधवारी गैरहजेरी नसते. तिनं ते तेव्हा नुसतं ऐकून घेतलं होतं.

वहिनींनी एक जांभूळ उचललं होतं. ते त्यांनी तळहातावर धरून ठेवलं, तोंडात टाकलं नाही. त्या यंत्राकडे बघत उभ्या राहिल्या. दिवा अजून लागला नव्हता.

"वेळ लागेल," मयूरी म्हणाली.

वहिनींनी वळून तिच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"अगो," त्या म्हणाल्या, "दिवा तरी लागू द्यायचा होतास."

मयूरीनं ओठ घट्ट मिटले. पण तिची बोटं जांभळी झाली होती, आणि मघाशी बोलताना जीभही जांभळी दिसली होती.